रेंज उगवली नाही, तर पंचनामा कोण करणार?



भाताची निसवणी सुरू आहे. करपा आणि खोडकिडा कुठं कसा दिसतोय ते पुढच्या नोंदीत लिहितो. आजची नोंद पिकाची नाही, पण पिकाच्या मुळाशी आलेल्या गोष्टीची आहे. लांबली तरी पूर्ण वाचा, आणि कृषी खात्यातली जी मंडळी हे पान वाचतात त्यांनी तर वाचाच.

शहरात हल्ली तीन विषयांवर प्रत्येकाचं मत तयार असतं. फोन कुठला घ्यावा, घरात नेट कुणाचं घ्यावं आणि पुढची गाडी पेट्रोलची, हायब्रिड की विजेवरची. बोलू द्या, त्यांच्या पैशाची चर्चा आहे. पण ह्या चर्चेत एक वाक्य हमखास येतं, आणि आता सरकारी बैठकीतही ऐकू येतं. "शेतकरी नवीन तंत्रज्ञान स्वीकारायला तयार नसतो."

हे वाक्य खोटं आहे. माझी आजची नोंद ह्या वाक्याच्या विरोधात आहे.

आमच्या मावळ-मुळशीच्या पट्ट्यात इंद्रायणी भात घरोघरी गेला तो वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून. १९८७ सालचं वाण आहे. दाणा आणि वास बघितला, उतारा बघितला आणि घेतलं. चारसूत्री लागवड आली, युरिया-डीएपीच्या गोळ्या आल्या, दोरी धरून लावणी आली. ज्याला परवडलं त्यानं केलं. पॉवर टिलर आला, ठिबक आलं. शहरात लोक आता फोनवरून घरातला पंखा सुरू करून दाखवतात आणि त्याला स्मार्ट होम म्हणतात. विहिरीवरची मोटार फोनवरून चालू-बंद करायचा मोबाईल स्टार्टर आपल्या शेतकऱ्यानं कधीच बसवलाय. दहावी नापास माणूसही तो वापरतो. कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं. रात्री चिखलातून जायचं वाचत होतं, म्हणून शिकला.

मग अडतं कुठं? वस्तू विकत मिळते, पण ती वस्तू ज्याच्यावर चालते ते मिळत नाही. स्टार्टर दुकानात मिळतो, रेंज दुकानात मिळत नाही. विजेवरची गाडी शोरूममध्ये मिळते, पुरेशा दाबाची वीज शोरूममध्ये मिळत नाही.

आपल्या भाषेत सांगतो. भाताच्या प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवर उगवणक्षमता छापलेली असते, किमान ८० टक्के. बियाणं उगवलं नाही तर तालुक्याला तक्रार निवारण समिती आहे. कृषी अधिकारी येतात, विद्यापीठाचे शास्त्रज्ञ येतात, वाफ्यात उतरतात, रोपं मोजतात, पंचनामा करतात. भरपाई किती मिळते आणि कधी मिळते ह्यावर आपली भांडणं आहेत, ती वेगळी. पण निदान बियाणं खराब निघू शकतं, त्यात शेतकऱ्याचा दोष नसतो, एवढं तरी मान्य आहे.

आता रिचार्ज घ्या. २०२४ च्या जुलैत तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले. आपण मुकाट्यानं भरले. पावती मिळते, मुदत संपायच्या आधी चार दिवस मेसेज पण येतो. पण शिवारात रेंज उगवली नाही तर वाफ्यात कोण उतरणार? पंचनामा कोण करणार?

माझ्या गावापुरतं बोलायचं तर पिरंगुटात मेन रोडला फोन पळतो. कारखाने आहेत, सोसायट्या आहेत, गिऱ्हाईक आहे, म्हणून टॉवर आहेत. पण रस्ता सोडून डोंगराच्या कुशीतल्या खाचरात उतरलं की एक काडी, कधी तीही नाही. पौडच्या पुढं, धरणाच्या पाठीमागं, ताम्हिणीच्या अंगाला जसजसं जाल तसतसं फोन म्हणजे नुसतं घड्याळ आणि बॅटरी. आणि गंमत बघा, जगाचं सॉफ्टवेअर जिथं लिहिलं जातं ते हिंजवडीचं आयटी पार्क आमच्याच मुळशी तालुक्यात आहे. पूर्वेच्या टोकाला अमेरिकेशी व्हिडिओवर मीटिंग चालते आणि पश्चिमेच्या टोकाला माणूस फोन लावायला टेकडीवर चढतो. दोघांच्या सातबाऱ्यावर तालुका एकच लिहिलेला आहे.

कुणी म्हणेल, नियम आहेत की. आहेत. ट्रायचा सेवेच्या दर्जाचा २०२४ चा नियम आहे. नेटवर्क जिल्हा पातळीवर २४ तासांहून जास्त बंद राहिलं तर पोस्टपेडवाल्याला बिलात सूट आणि प्रीपेडवाल्याला मुदतवाढ द्यायची. ऐकायला बरं वाटतं. पण 'जिल्हा' हा शब्द नीट वाचा. पुणे जिल्हा जुन्नरपासून इंदापूरपर्यंत पसरलाय. अख्ख्या जिल्ह्याचं नेटवर्क दिवसभर कोण बंद पडू देईल? आणि आमच्या चार वाड्या आठवडाभर बंद पडल्या तर त्या कुठल्या हिशोबात बसणार? पीक विम्यात महसूल मंडळ घटक धरतात, तरी आपण भांडतो की मंडळाच्या पर्जन्यमापकावर पाऊस वेगळा आणि माझ्या बांधावर वेगळा. इथं तर मापकच जिल्ह्याएवढा.

दुसरं उत्तर येतं, डोंगरात टॉवर कंपनीला परवडत नाही. बरोबर आहे, नसेल परवडत. म्हणूनच तर कंपन्यांच्या उत्पन्नातून ५ टक्के रक्कम वेगळी काढली जाते, २००२ पासून. आधी त्याला युनिव्हर्सल सर्व्हिस फंड म्हणत, आता डिजिटल भारत निधी म्हणतात. जिथं धंदा परवडत नाही तिथं सेवा पोचवायला तो पैसा आहे. कंपनी तो पैसा आणते कुठून? तुमच्या-माझ्या रिचार्जमधून. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर न्यायची योजना २०११ ला मंजूर झाली, पुढं तिचं नाव भारतनेट झालं. तेव्हा जन्मलेलं पोर आता दहावीला बसायला आलं. म्हणजे डोंगरातला माणूस फुकट मागत नाहीये. त्यानं पैसे आधीच भरलेत, माल आलेला नाही.

एवढ्यावर असतं तरी चाललं असतं. रेंज नाही तर नाही, बापजाद्यांनी काढली तशी काढली असती. पण आता सक्ती आली, आणि खरी गाठ इथं आहे.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. कल्पना चांगली आहे, मी तेव्हाही चांगलीच म्हटली होती. आपलं पीक आपण नोंदवायचं, कुणाच्या मागं फिरायला नको. आता तर आपल्याच गटात उभं राहून फोटो काढावा लागतो. खोट्या नोंदी थांबतात, तेही बरं. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. त्याच्या जोडीला ओटीपी, केवायसी, आधारला फोन जोडलेला पाहिजे. म्हणजे फोन आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. शेतकरी म्हणून तुमचं अस्तित्व फोनमधून सिद्ध करायचंय.

खरिपाची पीक पाहणी कधी असते? ऑगस्ट-सप्टेंबर. मुळशीत तेव्हा काय असतं? पाऊस. ताम्हिणीच्या अंगाला एका दिवसात तीनशे-चारशे मिलिमीटर पडणं ही आमच्याकडं बातमी नसते. पावसात वीज जाते, वीज गेली की थोड्या वेळानं टॉवर मान टाकतो. डोंगराच्या आडोशाला जीपीएस हलतं, ॲप म्हणतं तुम्ही गटाच्या बाहेर आहात. आणि माणूस गुडघाभर चिखलात स्वतःच्या बापाच्या वावरात उभा असतो.

माहिती भरून ठेवा, रेंजमध्ये आल्यावर पाठवा, असं सांगतात. जमतं तिथं लोक करतातच. पण पाठवताना अडकलं, ओटीपी वेळेत आला नाही, मुदत संपली, मग? राहिलेल्या नोंदी सहायक करतील. त्या सहायकाच्या हातात पण फोनच आहे आणि तो फोन पण त्याच डोंगरात उभा राहणार आहे. नोंद नाही म्हणजे सातबाऱ्यावर पीक नाही. पीक नाही म्हणजे विम्याला अडचण, नुकसानीच्या मदतीला अडचण, हमीभावाच्या खरेदीला अडचण. वावरात भात डुलतोय आणि कागदावर पड जमीन. ज्या माणसाच्या हातात टॉवर नाही, वीज नाही, सर्व्हर नाही, त्याच्याच डोक्यावर मुदत टाकलेली आहे. कृषी खात्यातल्या मंडळींना विचारतो, तुम्हाला स्वतःला फोटो अपलोड करताना हा त्रास होत नाही का? होतो, तुम्हीच बांधावर उभं राहून आम्हाला सांगता. मग वर अहवाल पाठवताना "शेतकऱ्यांचा प्रतिसाद कमी" असं का लिहिता? "रेंज कमी" असं लिहा की.

आता गाडीकडं येऊ, कारण तिथंही हेच आहे.

विजेवरची गाडी वाईट आहे असं मी म्हणत नाही. हिशोब साधा आहे. १०० किलोमीटरला मध्यम गाडीला साधारण १५ युनिट लागतात. युनिट दहा रुपये धरलं तरी दीडशे रुपये. तेवढ्याच अंतराला पेट्रोलची गाडी पाच-साडेपाच लिटर पिते, म्हणजे पाचशेच्या वर. रोज ठरावीक अंतर फिरणाऱ्या दूधवाल्याला, भाजीवाल्याला, गुलटेकडीला माल नेणाऱ्याला ही गाडी शहरातल्या बाबूपेक्षा जास्त फायद्याची. तो रोज चालवतो, बाबूची गाडी पाच दिवस पार्किंगमध्ये असते.

पण छापील रेंज आणि वावरातली रेंज वेगळी. गाडीची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था आमच्यापासून लांब नाही, कोथरूडच्या टेकडीवर आहे. तिथं चाचणी ठरलेल्या पद्धतीनं होते, सगळ्या गाड्यांना एकच माप, आणि ते योग्यच आहे. पण त्या मापात दुधाचे दोन कॅन लादून पिरंगुटचा घाट चढणं नसतं. प्रयोगशाळेतली उगवण आणि वाफ्यातली उगवण ह्यात फरक पडतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. घेणाऱ्यानं छापील आकड्यातून निदान चौथा हिस्सा वजा करून हिशोब मांडावा, असं माझं मत.

खरा प्रश्न चार्जिंगचा आहे. घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर गाडी लावली की साधारण सव्वातीन किलोवॅट ओढते. ५ एचपीची मोटार म्हणजे पावणेचार किलोवॅट. आली ना जोडी? ३० युनिटची बॅटरी रिकामी असेल तर भरायला नऊ-दहा तास. आपली ५ एचपी मोटार आठ तास चालली की तेवढीच वीज खाते. म्हणजे बावधनच्या सोसायटीत रात्री उभी असलेली एक गाडी आणि माझ्या विहिरीवरची एक मोटार, दोघांची भूक सारखी.

मग दोघांना वीज सारखी मिळते का? वीज ग्राहक हक्कांचे केंद्राचे २०२० चे नियम काढून बघा. सगळ्या ग्राहकांना २४ तास वीज द्यावी असं त्यात लिहिलंय. आणि लगेच पुढं लिहिलंय की शेतीसारख्या काही वर्गांना आयोग कमी तास ठरवू शकतो. हक्काच्या कायद्यातच आपल्याला वगळायचा दरवाजा ठेवलेला आहे. गाडीवाला वाटेल तेव्हा प्लग लावतो. मोटारीला मात्र पाळी. ह्या आठवड्यात दिवसा, पुढच्या आठवड्यात रात्री. रात्री दोनला थ्री फेज आली की हरभऱ्याला पाणी द्यायला उठायचं, घोणस आणि बिबट्या ह्यांना विचारून पाऊल टाकायचं. वस्तीवरच्या घरात तर दाब इतका पडतो की दिवा पिवळा होतो. गाडीचा चार्जर दाब कमी झाला की बंद पडतो, अर्थिंग नीट नसलं तरी लाल दिवा दाखवतो. म्हणजे गाडीसुद्धा सांगते की ही वीज वापरण्यालायक नाही. माणसाला मात्र त्याच विजेवर शेती कर म्हणतात.

"अहो पण साडेसात एचपीपर्यंत वीज मोफत आहे ना?" आहे, २०२४ पासून. घेतो पण. पण मोफत आहे म्हणून रात्रीची चालेल, असा अर्थ कुणी काढू नये. सौर कृषी वाहिनीतून दिवसा वीज द्यायचं काम सुरू आहे, ते मनापासून चांगलं आहे. आमच्याकडं पावसाळ्यात मोटार लागत नाही आणि रब्बीत ऊन भरपूर असतं, म्हणजे मुळशीला ते तंतोतंत जुळतं. त्याच्याविरुद्ध माझा एक शब्द नाही. लवकर करा, एवढंच म्हणणं.

आता सवलती कुणाला ते बघा. ऑगस्ट २०१९ पासून विजेवरच्या गाडीला जीएसटी ५ टक्के. वीस लाखांची घ्या नाहीतर पन्नास लाखांची, पाचच टक्के. आणि ट्रॅक्टरला १२ टक्के होता. तो ५ टक्क्यांवर आला २२ सप्टेंबर २०२५ ला. सहा वर्षं फिरायच्या गाडीला नांगरायच्या गाडीपेक्षा कमी कर होता, आणि ह्यावर फारसं कुणी ओरडलं नाही. राज्याच्या २०२५ च्या धोरणात विजेवरच्या चारचाकीला अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर टोल माफ आहे. ह्या तीन रस्त्यांवर दुचाकीला बंदी, ट्रॅक्टरलाही बंदी. म्हणजे विजेवरची स्कूटर घेणारा दूधवाला त्या माफीत कधी बसणारच नाही. हवा स्वच्छ राहावी म्हणून सवलत द्या, जरूर द्या. पण रोज किती किलोमीटर धूर वाचला ते बघून द्या, गाडीची किंमत बघून नको.

हे सगळं मुळशीकराला जास्त का टोचतं, ते बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांना आणि शहराला वीज पाहिजे होती म्हणून टाटा कंपनीनं मुळा नदीवर धरण बांधायला घेतलं. आमच्या लोकांनी १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट पुढारी होते. पन्नासएक गावांची जमीन पाण्याखाली जाणार होती. सत्याग्रह मोडला, धरण झालं, १९२७ ला भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. पूर्वेला वाहणारं मुळशीचं पाणी तेव्हापासून सह्याद्रीखाली कोकणात पडतंय आणि त्याची वीज मुंबईला जातेय. मुंबईत विजेवर धावणाऱ्या गाड्यांमध्ये थोडी वीज आमच्या बुडालेल्या खाचरांची असणारच. हेवा करत नाही. पण ज्या तालुक्यानं देशाला वीज द्यायला आपली गावं दिली, त्याला "तुम्ही तंत्रज्ञानात मागे" असं ऐकवू नका. तंत्रज्ञानाची किंमत आमच्याइतकी आधी कुणी मोजली?

आपल्यातही एक सूर निघतो की हे सगळं बंद करा, जुनं तेच बरं. मला ते पटत नाही. जुन्या पीक पाहणीत घरी बसून नोंदी होत होत्या, कडेला विहीर नसताना बागायत लागत होतं, ते आठवा. तंत्रज्ञान पाहिजेच. फक्त एक नियम पाहिजे, आणि तो साधा आहे. जो सक्ती करेल, सोय पुरवायची जबाबदारी त्याची. जिथं सोय पोचली नाही तिथं सक्ती नाही.

त्यातून चार मागण्या निघतात.

१) ज्या गावात रेंज नाही तिथं पीक पाहणीची कागदी नोंद तलाठ्यानं स्थळ बघून स्वीकारावी, आणि मुदत संपली म्हणून शेतकऱ्याला बाद करू नये.

२) नेटवर्क बंद पडल्याची मोजणी जिल्ह्यावर नको, गावावर व्हावी. बंद दिवसांची मुदत आपोआप वाढवून मिळावी.

३) शेतीला दिवसा वीज कधीपासून, ते प्रत्येक फीडरनुसार तारीख घालून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावं.

४) विजेवरच्या वाहनांच्या सवलतीत दूध, भाजी, धान्य वाहणाऱ्या लहान गाड्या आणि दुचाकी आधी. चार्जिंगची सोय मॉलच्या आधी दूध संकलन केंद्रावर आणि बाजार आवारात.

नुसतं वाचून लाईक करू नका, त्यानं टॉवर उभा राहत नाही. एक वही करा. तारीख, वेळ, गट नंबर, रेंज किती काड्या, वीज कधी आली कधी गेली, एवढं महिनाभर लिहा. कंपन्यांना आपला कव्हरेजचा नकाशा वेबसाइटवर दाखवणं आता बंधनकारक आहे. त्यात आपलं शिवार रंगवलंय का बघा आणि फोटो काढून ठेवा. नकाशात रेंज आणि वावरात नाही, हा आपला पुरावा. पोराटोरांना सांगा, ते पाच मिनिटांत काढून देतील. दहा शेतकऱ्यांच्या वह्या एकत्र करून ग्रामसभेत ठराव घ्या आणि ठरावाची प्रत तहसीलदारांना द्या. वहीला कुणी "शेतकरी उदासीन" म्हणू शकत नाही.

बियाण्याच्या बाबतीत आपल्या आधीच्या लोकांनी भांडून भांडून पंचनामा मिळवला. रेंजचा आणि विजेचा पंचनामा कुणी आयता देणार नाही. कुठल्या गावात काय स्थिती आहे ते खाली लिहा, गावाचं आणि तालुक्याचं नाव घाला. पावसाची उघडीप मिळाली की करप्याची नोंद टाकतो.